सात महिने दातांचं काम

माझं स्वतःचं औषधांचं दुकान असताना मी सात महिने गोळ्या विकत घ्यायला एसटीनं सांगलीला जात होते.

दुकान आटपाडीत आहे, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, बाजाराच्या रस्त्याला. मी मूळची वाईची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा फार्मसीचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी घालून आणलं होतं. सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी रस्त्याकडेची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाले, “शिकलीस ती चुलीम्होरं बसायला न्हाई.” त्याला आता चौदा वर्षं झाली. ज्या गोळ्यांसाठी मी सांगलीला जायचे त्या माझ्याच दुकानात, डाव्या हाताच्या कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर होत्या. खपतही होत्या. पण त्या घेणारं गिऱ्हाईक आटपाडीचं नसायचं.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. मनाच्या आजाराच्या गोळ्या आटपाडीची माणसं विट्याहून आणायची. विट्याची सांगलीला जायची. माझ्याकडे यायची ती माण तालुक्यातली, दहिवडी-म्हसवडकडची. दहिवडीचे एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. आधी समोरच्या रसवंतीत बसायचे. दुकान रिकामं झालं की रस्ता ओलांडायचे आणि चिठ्ठी तळहाताखाली झाकून काउंटरवर सरकवायचे. मीही न बोलता गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून द्यायचे. खोकल्याचं औषध मी असं कधी कुणाला दिलं नाही. पण त्यांचं देताना वाटायचं, आपण या माणसाची अब्रू सांभाळतोय.

मग माझ्यावरच वेळ आली.

माझ्या आजाराला मोठं असं कारण नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, डाळिंबाची बाग बरी चालली होती. एका उन्हाळ्यात मला भीती वाटायला लागली की आपल्या हातून कुणाला तरी चुकीचं औषध जाणार. चिठ्ठी तीनदा वाचायची, पाकीट चारदा बघायचं, तरी गिऱ्हाईक पायरी उतरलं की छातीत धडधड सुरू. एकदा एका म्हातारीला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि ती गेल्यावर माझ्या मनानं घेतलं की आपण साखरेच्या दिल्या. दुकान उघडं टाकून मी स्टँडवर पळत गेले. गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आडवा हात करून थांबवली, आत चढले, म्हातारीच्या पिशवीतून पाकीट काढून बघितलं. गोळ्या बरोबर होत्या.

“ताई, येताय का उतरताय?” कंडक्टर म्हणाला.

म्हातारी मात्र खूश. “लय काळजी करती ओ आमची,” असं ती शेजारणीला सांगत राहिली. मी खाली उतरले आणि स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून रडले.

पुढे झोप गेली. भाकरी थापताना हात थांबायचा आणि तव्यातून धूर निघेपर्यंत मला समजायचं नाही. एके सकाळी शटरचं कुलूप काढलं, वर करायला वाकले, आणि ते शटर मला उचलेना. ताकद नव्हती असं नाही. उघडायचं कशाला, हेच कळेना. तिथंच पायरीवर बसले. आमचे हे बागेकडे निघाले होते. त्यांनी मोटरसायकल थांबवली, शेजारी येऊन बसले. थोड्या वेळानं कुलूप परत लावलं आणि मला घरी नेलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी त्या दिवशी माझी दोनदा दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका उठला नाही, म्हणजे नजर मोठी आहे, असं म्हणाल्या. देवऋषाचं नाव निघालं तेव्हा हे उठून उभे राहिले. माझा नवरा कमी बोलतो, बोलतो ते बागेच्या भाषेत.

“आई, डाळिंबावर तेल्या रोग आला तर आपण मीठ-मिरच्या ववाळत बसतो का? डॉक्टर गाठाय पायजे.”

आत्या हळूच म्हणाल्या, “गाठ. पर सांगलीचा गाठ. हितं कुणाला कळाय नको. दात म्हणून सांगा.”

तेव्हापासून माझं दातांचं काम सुरू झालं.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं. म्हातारीची गोष्ट सांगताना मी रडले आणि तेवढ्यात मलाच हसूही आलं, तेव्हा त्यांनीही हसू लपवलं नाही. आजाराचं नाव सांगितलं, हा बरा होतो म्हणाल्या, गोळ्या लिहून दिल्या. शिवाय दर महिन्याला येऊन बोलायचं. चिठ्ठी बघून मी म्हटलं, “या माझ्या दुकानात असतात.”

“मग तिथूनच घ्या की.”

मी मान हलवली आणि खाली उतरून रस्त्यापलीकडच्या दुकानातून घेतल्या. दुकानात कामाला एक मुलगी होती, तिनं कपाट मोजलं असतं तर? पुरवठादारानं विचारलं असतं तर? माझ्याच फळीवरची पट्टी उचलायला माझाच हात धजत नव्हता.

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. तिसऱ्या आठवड्यात झोप आली. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाला औषध दिलं आणि ते गेल्यावर मी दुसऱ्या कामाला लागले. संध्याकाळी ते लक्षात आलं तेव्हा इतका आनंद झाला की मी यांना बागेत फोन केला. “आज मी एकदाच बघितलं,” म्हटलं. पलीकडून फवारणीच्या पंपाचा आवाज आणि, “लय भारी.”

पण दात काही संपेनात. आमच्या आळीत एक मावशी आहेत. आळीतली प्रत्येक बातमी त्यांच्या ओट्यावरून पुढे जाते. सहाव्या महिन्यात त्यांनी मला रस्त्यात गाठलं.

“का गं, तुला दात हायत तरी किती?”

“दाढांचं आहे, मावशी.”

“मर्दिनी, एवढ्यात तर कवळी झाली असती.”

सातव्या महिन्यात सांगलीच्या त्या दुकानात मी रांगेत उभी होते. पुढे एक उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, पाठ अशी ताठ की मागूनसुद्धा ओळखू यावी. आमच्याच आळीतले सुभेदार. फौजेतून रिटायर होऊन आलेले. सगळी आळी त्यांना आबा म्हणते. ते दर महिन्याला सांगलीला मिलिटरी कँटीनला जातात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण आळीतल्या बायका त्यांच्याकडे यादी देत. साबण, चहा, खोबरेल तेल. माझीही यादी असायची.

ते गोळ्या घेऊन वळले आणि आम्ही समोरासमोर आलो. त्यांच्या हातात पट्टी होती. माझ्या हातात चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलं, मी पट्टीकडे.

“दात?” ते म्हणाले.

“हो. तुम्ही कँटीनला?”

“हां. कँटीनला.”

परतीच्या गाडीत जागा शेजारी-शेजारीच मिळाली. त्यांच्या पायाशी दोन मोठ्या पिशव्या, साबणाचा वास. तासगाव गेलं, द्राक्षांच्या बागा मागे पडल्या, माळ सुरू झाला. भिवघाटाच्या चढाला गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघतच सुरुवात केली.

“अकरा वर्सं झाली मला.”

मी त्यांच्याकडे वळले.

“रिटायर होऊन आलो. घर बांधलं, पोरगं फौजंत भरती झालं. सगळं झ्याक. आन् एक दिवस काय झालं कुणास ठावं, बोलणंच गेलं. सहा महिने मी घरात कुणाशी बोललो न्हाई. एकदा तर हिरीच्या काठावर दुपारपासनं दिस मावळस्तवर बसून व्हतो. मंडळींनी हाताला धरून आणलं. तिलाच तेवढं म्हाईत. पोराला बी सांगितलं न्हाई.” मग पिशव्यांकडे हात करून म्हणाले, “ही हमाली त्यासाठी. कँटीन म्हणून सांगितलं, मग सामान नको का आणाय?”

“अकरा वर्षं?”

“अकरा. पायाला गोळी लागली असती तर गावानं येशीत कमान उभी केली असती. हे कुणाला सांगायचं?” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “पोरी, या गोळ्या तुझ्या दुकानात न्हाईत व्हय?”

“आहेत की.”

“मग तू सांगलीला कशाला येतीस?”

“आबा, तुम्ही माझ्या दुकानात का येत नाही?”

ते एकदम हसायला लागले. सुभेदारांचं हसणं कवायतीच्या मैदानाएवढं. पुढच्या सिटवरचं बाळ दचकून जागं झालं. मलाही हसू आवरेना. गाडीतली माणसं वळून बघत होती आणि आम्ही दोघं डोळे पुसत होतो.

त्यानंतर पंधरा दिवस काहीच घडलं नाही. दहिवडीचे गृहस्थ आले. मी कागद फाडला आणि हात थांबला. “कागद नको, असंच देऊ का?” मी विचारलं. त्यांनी घाबरून दाराकडे बघितलं. मी गुंडाळून दिलं. त्यांचा दोष नव्हता. कागद इतकी वर्षं मीच पुढे करत होते.

मग बाजाराचा दिवस आला. आटपाडीचा बाजार म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा. त्या दिवशी माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. जंताचं औषध न्यायला आलेले मेंढपाळ, कुणाच्या हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पायरीवर बोकड. मावशी कंबरदुखीच्या मलमासाठी आल्या होत्या. शाळेतल्या एक बाई पोराच्या तापाचं औषध घेत होत्या. गर्दीतून सुभेदार आत आले. भर उन्हात अंगात रिटायरमेंटच्या दिवशीचा कोट. काउंटरपाशी येऊन उभे राहिले आणि शंभर माणसांना हुकूम द्यावा अशा आवाजात म्हणाले,

“पोरी, ही चिठ्ठी. माझ्या मनाच्या आजाराच्या गोळ्या दे. म्हयन्याच्या. आन् कागदात बांधू नगं.”

सगळ्या माना वळल्या. बोकडाचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. मी सुभेदारांकडे बघितलं. हनुवटी वर होती, पण चिठ्ठीवरचा हात त्यांनी अजून काढला नव्हता. अकरा वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं त्यांनी माझ्या काउंटरवर आणून ठेवलं होतं, आणि ते एकट्यानं उचललेलं मला बघवेना.

मी डाव्या कपाटाकडे गेले, तिसऱ्या फळीवरून पट्ट्या काढल्या. तीन त्यांच्या. मग आणखी तीन काढून शेजारी ठेवल्या.

“ह्या तुमच्या, आबा. आणि ह्या माझ्या. मी पण हेच औषध घेते. आजपासून इथूनच घेणार.”

आवाज माझाच होता.

सगळ्यात आधी मावशींना कंठ फुटला. “म्हंजी, दात न्हवते व्हय?”

“नाही मावशी. एकही दात काढला नाही.”

“आन् मी समद्या आळीला सांगितलं की हिच्या तोंडात आता काय ऱ्हायलं न्हाई!”

असं हसू फुटलं की विचारू नका. शाळेतल्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, मेंढपाळ हसत होते, सुभेदार तर काउंटर धरून उभे. हसणं ओसरल्यावर एका मेंढपाळानं, चांगला सहा फुटी गडी, टोपी काढून हळूच विचारलं, “ताई, आमच्या भावाला रातीची झोप न्हाई. मेंढरामागं जायचं सोडलंय. जेवत बी न्हाई. त्याला चालंल का ही गोळी?”

“गोळी अशी देता येत नाही, दादा. आधी डॉक्टर. मी पत्ता लिहून देते.”

मी बिलाच्या कागदामागे पत्ता लिहिला. तो वाचून त्यानं टोपीत ठेवला. मग शाळेतल्या बाईंनी पुढे होऊन म्हटलं, “मलाही एक द्या.”

बातमी माझ्याआधी घरी पोचली. मी आले तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांची भीती मला समजत होती. मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं, कऱ्हाडकडचं स्थळ, उसाचं रान. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची होती.

तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. मुलाच्या चुलत्यांचा. जाऊबाईंनी घाबरून स्पीकर लावला.

“तुमच्या घरात डोक्याचं काय तरी हाय म्हणं. आमाला आदी सांगाय नको?”

मी काही बोलणार एवढ्यात आत्या उठल्या आणि त्यांनी फोन हातातून घेतला.

“मी पोरीची आजी बोलती. हाय न्हवं, व्हतं. माझी सून आजारी व्हती. दवाखान्यात गेली, बरी झाली. दुकान चालवती, चार गावं तिच्या हातचं औषध खात्यात. तुमच्या घरात कुणी आजारीच पडत न्हाई का? पडत आसंल तर सांगत न्हाई, यवढाच फरक. आन् उद्या माझी नात आजारी पडली तर तिला झाकून ठिवणारं घर आमालाच नको. ठिवा.”

त्यांनी फोन ठेवला. नात स्वयंपाकघराच्या दारातून पळत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. स्थळ मोडलं. त्या रात्री आमच्या घरी पुरणपोळ्या झाल्या, आणि त्या जाऊबाईंनी केल्या.

जेवणं झाल्यावर आत्यांनी मला जवळ बसवून घेतलं. त्यांचं माहेर माणमधलं, मेंढरांमागे फिरणारं. “माझी आय लय गोड गायाची,” त्या म्हणाल्या. “माझा धाकटा भाऊ झाला आन् ती रडाय लागली. बाळाला घीना, खाईना. लागीर म्हणून देवाच्या दारात ठिवली. कवा या देवाला, कवा त्या देवाला. घरी आणली ती मागच्या सपरात. मी भाकरी द्याय जायाची. चार वर्सांत गेली. कुणी इचारलं तर तापानं गेली म्हणून सांगाय लावलं मला. मालकाला बी खरं सांगितलं न्हाई मी. पन्नास वर्सं झाली.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुला देवऋषाकडं नेत व्हते मी. माझ्या पोरानं अडीवलं म्हणून बरं.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या त्यांच्या आईचं एक गाणं गुणगुणल्या. अर्धंच आठवत होतं त्यांना. माझ्या मुली, जाऊ, पुतणी, सगळ्या येऊन बसल्या. आत्यांच्या आईचं नाव त्या रात्री घरात पहिल्यांदा घेतलं गेलं.

सुभेदारांच्या घरूनही फोन गेलाच होता, सीमेवर मुलाला. ते मला दुसऱ्या दिवशी सांगायला आले. “पोरगं म्हणालं, बाबा, मला का न्हाई सांगितलं? मला आभिमान वाटतो. आसं म्हणालं. आभिमान.” हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला आणि कँटीनच्या पिशव्या वाटायला निघून गेले. कँटीन त्यांनी सोडलं नाही. बायका सोडू देईनात.

सगळं गोडच झालं असं नाही. काही जणांनी माझं दुकान सोडलं. एक जण चिठ्ठी घेऊन आला, मला बघितलं आणि परत गेला. पुढच्या पावसाळ्यात मला पुन्हा धडधड सुरू झाली, गोळी वाढवावी लागली. पण तेव्हा मी बंद शटरपुढे पायरीवर बसून राहिले नाही. मावशींना हाक मारली, “आज बरं नाही, जरा दुकानात येऊन बसता?” त्या आल्या, जेवणाचा डबा घेऊन आल्या, आणि दिवसभर माझ्या वतीनं गिऱ्हाइकांना सांगत होत्या, “तिला आज मनाचं बरं न्हाई, जरा दमानं घ्या.” जसं कणकण आहे म्हणून सांगावं, तसं.

दिवाळीनंतर मी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, महिन्यातून एकदा आटपाडीला याल का? दुकानावरची खोली रिकामी आहे. त्या म्हणाल्या, “पाच माणसं आली तरी येईन.” यांनी खोलीला चुना मारला. आत्यांनी घरातलं जाजम दिलं. पहिल्या दिवशी आम्ही पाच खुर्च्या मांडल्या आणि दहा वाजता जिना भरून रांग रस्त्यावर आली. मेंढपाळ त्याच्या भावाला घेऊन आला होता. शाळेतल्या बाई आपल्या आईला घेऊन आल्या होत्या. दहिवडीचे गृहस्थ रसवंतीत न थांबता थेट आले, सोबत त्यांची बायको. सुभेदारांनी जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकली आणि कडक आवाजात नंबर पुकारायला सुरुवात केली. आत्या जाजमावर बसून आलेल्या बायकांना पाणी देत होत्या, आणि कुणी भेदरलेली दिसली की तिला आपल्या आईची गोष्ट सांगत होत्या.

दुपारी मी खाली काउंटरवर होते. पलीकडून एक मोटरसायकल आली. वीस-बावीसचा नवरा, मागे डोक्याला रुमाल बांधलेली बाळंतीण बायको, मांडीवर तान्हं. त्यानं गाडी रस्त्याकडेला लावली आणि भर रस्त्यातून, चालत्या बाजारातून, बैलगाडीच्या आणि रिक्षाच्या आवाजावरून मला हाक दिली,

“ताई, मनाचं डॉक्टर हितंच बसत्यात का?”

रस्त्यावरच्या माणसांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागली.

मी पायरीवर आले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तेवढ्याच मोठ्यानं ओरडले,

“इथंच! वर या, बाळाला माझ्याकडे द्या!”